चौथ्या घंटेचा दोर

लॅडफर्ड
रविवार, ७ मे २०१७

प्रिय नेल,

तुझ्या मार्चमधल्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लागले. चार उत्तरं लिहिली आणि फाडली. हे पाचवं टपालात पडेल.

टॅम्सिनचं लग्न इथल्या चर्चमध्ये होणार हे बरं झालं. सोळा सप्टेंबरचा शनिवार मी पाद्रीबाईंकडून पक्का करून घेतला आहे. टॅम्सिनने मला वेगळं पत्र पाठवलं, ते तुला ठाऊक नसावं. ती लिहिते, ‘मावशी, सहाच्या सहा घंटा हव्यात आणि हाक तुझीच हवी. पाच चालणार नाहीत. मी मोजेन.’ मुलगी माझ्याकडे गणित शिकली आहे, हे कळतं.

आणि तू लिहितेस, ‘लग्नाला ये. पण पीत असशील तर मनोऱ्यात पाऊल टाकू नकोस. आईच्या दिवशी झालं ते माझ्या मुलीच्या दिवशी व्हायला नको.’

आईच्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. त्या चामड्याच्या पट्ट्याबद्दल तर नाहीच.

पिण्याबद्दल लिहिते. दवाखान्यातल्या नर्सने मागच्या महिन्यात रक्तदाब पाहिला आणि विचारलं, आठवड्याला किती? मी म्हटलं, संध्याकाळी सहानंतर शेरीचे दोन लहान पेले. ती पोरगी पेन थांबवून म्हणाली, ‘लहान म्हणजे केवढे, मिस प्रॉबर्ट?’ चौतीस वर्षं मी वर्गात हेच ओरडत होते: एकक लिहा, एककाशिवाय उत्तराला शून्य गुण. मला राग आला. मग तिने सांगितलं की एकदम बंद करू नका, हळूहळू उतरवा, आणि जमत नसेल तर कुणाची तरी मदत घ्या.

मदत विल्फने सुचवली. विल्फ ट्रँटर आता एक्क्याऐंशीचा आहे, अजून पाचवी घंटा वाजवतो. त्याचा पंचावन्न वर्षांचा पाईप लडलोमधल्या एका संमोहनवाल्या बाईने तीन बैठकांत सोडवला. ‘माझं डोकं मऊ होतं,’ तो म्हणाला. ‘तुझं काय होईल सांगता येत नाही, कप्तानबाई. तुझं डोकं म्हणजे आपल्या मनोऱ्याचं दार. खांदा लावल्याशिवाय उघडत नाही, आणि उघडलं की कुरकुरतं.’

मी मंगळवारी जाणार आहे. माझा यावर विश्वास नाही. पण नुसत्या बोलण्याने माणसाची सवय कशी हलते, हे पाहायचं आहे.

तुझी
हेस्टर


लॅडफर्ड
गुरुवार, २५ मे

प्रिय नेल,

तुझं कार्ड मिळालं. पेन्झान्सचं बंदर, आणि मागे चार शब्द: ‘लहान म्हणजे केवढे? – ने.’ तू आणि ती नर्स एकमेकींना ओळखत नाही ना?

ठीक आहे. मोजलं. स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्यात माझा शेरीचा पेला रिकामा केला. पबमध्ये देतात त्या मापाने तो पावणेतीन भरला. असे दोन. जेवणाबरोबर लाल वाइन, ती मी आतापर्यंत जेवणात धरत होते. बाटल्यांसाठी दारात हिरवा खोका ठेवायचा असतो, गुरुवारी गाडी येते. माझ्या खोक्यात दर गुरुवारी दोन बाटल्या असतात. उरलेल्या मी गाडीत घालून लडलोच्या सुपरमार्केटमागच्या लोखंडी पिंपात टाकून येते, कारण काच पडताना फार आवाज होतो आणि आमच्या गल्लीला कान आहेत. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता संमोहन.

बाईंचं नाव मिसेस ऑकेन्डन. आधी दातांच्या दवाखान्यात होत्या. गळ आणि मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानावर त्यांची खोली आहे. मागे झुकणारी खुर्ची, पायांवर विणलेली चादर, कोपऱ्यात गॅसची शेगडी. मी लंबक किंवा निदान एखादं घड्याळ तरी असेल अशी अपेक्षा करून गेले होते. काही नाही. बाई जाडजूड आहेत आणि त्यांना गवताचा त्रास आहे, त्यामुळे मध्येच शिंकतात.

‘डोळे मिटा,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही एका सुंदर जिन्याच्या वर उभ्या आहात.’

‘कठडा कुठल्या बाजूला?’

‘तुम्हाला हवा त्या.’

‘पायऱ्या किती?’

‘दहा.’

‘मग मजला फार बुटका झाला.’

बाई शिंकल्या. मग म्हणाल्या, ‘मिस प्रॉबर्ट, वेळेचं भान राहत नाही असं तुम्ही काय करता? प्यायचं सोडून.’

मी म्हटलं, घंटा वाजवते. त्यांना वाटलं, दोराला लोंबकळून ढाण ढाण करायचं. हा समज मला सहन होत नाही, तुला ठाऊक आहे. मी सरळ बसले आणि शिकवायला लागले. घंटा लोंबकळत नसते. वाजवायच्या आधी आम्ही ती झुलवत झुलवत उलटी करतो, तोंड आभाळाकडे, आणि ती एका लाकडी अडसराला टेकून उभी राहते. दोर ओढला की पूर्ण गिरकी घेते, एकदा वाजते आणि पलीकडे पुन्हा तोंड वर करून तोलावर येते. अर्धा टन धातू. पण त्या तोलाच्या क्षणी दोर हातात पिसासारखा हलका होतो. तेवढ्यात ठरवायचं, ओढायचं की एक क्षण धरून ठेवायचं. सहा माणसं, सहा घंटा, प्रत्येक फेरीला क्रम बदलतो, आणि पुढ्यात कागद नसतो; बदलाची हाक कप्तान म्हणून मी देते.

‘आणि दोर हातातून सुटला तर?’

‘सुटत नाही. माझ्या हातून एक्कावन्न वर्षांत सुटलेला नाही.’

‘मग जिना राहू द्या,’ बाई म्हणाल्या. ‘घंटा वाजवा. मनात.’

मी पहिलीपासून सहावीपर्यंत उतरत गेले. पाच-सहा फेऱ्या सरळ, मग बदल. बाई काहीतरी बोलत होत्या. मी त्यांना बोलू दिलं, कारण माझी घंटा सांभाळायची होती. पुढचं आठवतं ते ‘या परत.’ मला वाटलं, दहा मिनिटं झाली. भिंतीवरच्या घड्याळात पन्नास झाली होती. मी मनगटावरचं पाहिलं. खाली उतरल्यावर बाजारातल्या मनोऱ्याचंही पाहिलं. तिघांचं एकमत होतं.

मला हे चाळीस मिनिटांचं कोडं फार आवडलं आहे. पुढच्या मंगळवारी वही घेऊन जाणार.

बाईंनी विचारलं होतं, सकाळी कधी घेता का? मी म्हटलं, सहाच्या आधी कधीच नाही. हे जवळजवळ खरं आहे.

हेस्टर


लॅडफर्ड
गुरुवार, १५ जून

प्रिय नेल,

चालतंय. कसं ते मला कळत नाही, पण चालतंय.

तिसऱ्या बैठकीत बाईंनी विचारलं, ‘पुरे झालं, हे तुम्हाला शरीरात कुठे कळतं?’ मी म्हटलं, मला कळतच नाही, म्हणून तर तुमच्याकडे आले. त्या म्हणाल्या, पिण्यात नसेल कळत. दुसरं कशात तरी कळत असेल. मी विचार केला आणि म्हटलं, हातात. घंटा तोलावर येते आणि दोर हलका होतो तेव्हा. त्यांनी तेच उचललं. मी डोळे मिटून मनात घंटा वाजवत होते आणि त्या सांगत होत्या: पेला हातात आहे; तो तोलावर येतो; हलका होतो; बोटं आपोआप उघडतात; पेला खाली राहतो.

त्या संध्याकाळी सहा वाजता मी शेरी ओतली आणि वही उघडून बसले. पाऊण पेला संपला आणि बोटं उघडली. नेल, मी उघडली नाहीत. माझ्या समोर ती उघडली, जशी दुसऱ्या कुणाची असावीत. पेला टेबलावर राहिला आणि मला उचलावासा वाटला नाही. उरलेली मी कुंडीत ओतली. फुलझाडाला काही झालेलं नाही.

अर्थात मी तपासून पाहिलं. त्याच पेल्यात पाणी घेतलं: उघडली. चहाचा कप: नाही उघडली. दुधाचं भांडं, पुस्तक, गाडीचं चाक: नाही. (चाकाचा प्रयोग दारात उभ्या गाडीत केला.) मोठा वाइनचा पेला: उघडली, अर्ध्यावरच. चहाला आणि शेरीला माझा हात वेगळा का ओळखतो? बाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘मला वाटलं होतं तुम्ही मला सांगाल.’ मला त्या आवडायला लागल्या आहेत.

आठवड्यात सात पेले. एकूण, नेल. नर्सला दाखवले तर तिने माझ्या वहीवर टिकमार्क केला. आगाऊ आहे.

मनोरा सध्या बंद आहे. घंटांच्या लाकडी चौकटीला कीड लागली होती, औषध मारलंय, महिनाभर आत जायचं नाही. तो वास आईच्या कपाटासारखा येतो. एकोणीस जुलैला सराव पुन्हा सुरू. टॅम्सिनला लिहून टाकलं, सहाच्या सहा वाजतील. तुला हे मान्य असेल असं मी धरून चालले आहे. नसेल तर कळव.

हेस्टर


लॅडफर्ड
गुरुवार, २० जुलै

प्रिय नेल,

काल सरावात चौथ्या घंटेचा अडसर मोडला. जुनं लाकूड. असं होतं कधी कधी.

वरचं वाक्य खोटं आहे. अडसर मी गेल्याच वर्षी नवा बसवला होता. हे पत्रही फाडावं लागेल असं वाटलं, पण नाही फाडत. पुढे लिहिते.

तू गेल्यापासून तुझी चौथी घंटा मीच वाजवते. दुसऱ्या कुणाला दिली नाही. काल आम्ही सहाजण उभे राहिलो, मी हाक दिली, घंटा चालू झाल्या. सहावी की सातवी फेरी असेल. घंटा तोलावर गेली, दोर हलका झाला आणि माझी बोटं उघडली.

दोराचं शेपूट माझ्या डोळ्यांदेखत वर गेलं. आधी छतापर्यंत, मग चाबकासारखं फिरून खाली. विल्फचा चष्मा त्याच्या नाकावरून उडाला. वर अडसर मोडला तो आवाज बंदुकीसारखा आला. मी ओरडले, ‘दोराला हात लावू नका! सगळे मागे!’ कुणी लावला असता तर तो उचलला गेला असता, हे तुला सांगायला नको. पाच घंटा थांबल्या. चौथी एकटी फिरत राहिली, दोर नाचवत, दमेपर्यंत.

विल्फने वाकून चष्मा शोधला. एक काच गेली होती. उरलेल्या काचेतून त्याने माझ्याकडे पाहिलं.

‘झोप लागली होती का, कप्तानबाई?’

‘नाही.’

‘मग घेतलीस?’

‘थेंबही नाही.’

‘तेच म्हणतो,’ तो म्हणाला. ‘घेतल्यावर तुझ्या हातून कधी सुटला नव्हता.’

सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन मी पाण्याचा पेला हातात धरला, आणि तो पाऊणवर आल्यावर बोटं उघडली, अगदी तशीच. तेव्हा मला समजलं मी काय करून बसले आहे. पेला सोडायला शिकवताना बाईंना मी दुसरं कुठलंही चित्र देऊ शकले असते. मी माझ्या घंटेचं दिलं.

टॅम्सिनला अजून कळवलेलं नाही. तूही नको कळवूस.

हेस्टर


लॅडफर्ड
रविवार, ६ ऑगस्ट

प्रिय नेल,

‘कुणाला लागलं का?’ असं तू विचारलंस. कार्डावर या वेळी ‘ने’च्या जागी पूर्ण ‘नेल’ आहे, हे मी पाहिलं. नाही, कुणाला लागलं नाही. विल्फला नवा चष्मा मिळाला. तो म्हणतो, पहिल्यापेक्षा बरा दिसतो, फक्त आता त्याला लोकांची तोंडं नीट दिसतात ही पंचाईत.

मिसेस ऑकेन्डनना सांगितलं तर त्या पांढऱ्या पडल्या.

‘चूक माझी,’ मी म्हटलं. ‘चित्र मी दिलं होतं.’

‘दातवाल्यांकडे असताना सुई टोचण्याआधी आम्ही विचारायचो, आणखी कुठे काही त्रास आहे का? मी तुम्हाला विचारलंच नाही, ही बोटं आणखी कुठे लागतात ते.’ मग त्या म्हणाल्या, ‘मी ते काढून टाकू शकते.’

‘मग पेल्याचं काय?’

‘माहीत नाही.’

‘दुसरं चित्र द्या.’

‘देऊन बघू. पण हे तुमच्या मनाने स्वतः उचललंय, मिस प्रॉबर्ट. पुढचं उचलेल का, तेही माहीत नाही.’

त्या खोलीत आजवर बोललेलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य ते असेल. माझी सगळी वाक्यं धरून.

आम्ही दुसरी चित्रं दिली. दार लागतं, मेणबत्ती विझते, गाडी फाटकाशी थांबते. माझ्या मनाने एकालाही दाद दिली नाही. तेव्हा मी दोराकडून सुरुवात केली. गावाला त्रास नको म्हणून चौथीचा लोळा बांधून टाकला, म्हणजे घंटा फिरते पण वाजत नाही. विल्फ माझ्यामागे, दोराचं शेपूट त्याच्याही हातात. बोटं किती फेऱ्यांनी उघडतात ते मोजलं. सात, पाच, सात, सहा. फेऱ्या मोठ्याने मोजल्या तर नऊ. भजन गुणगुणलं तर अकरा. विल्फला म्हटलं, मला शिव्या दे. ‘कुठल्या?’ तो म्हणाला. मी म्हटलं, येतील त्या. टपाल वाटताना तो कुत्र्यांना द्यायचा त्या सगळ्या त्याने मला दिल्या, आणि मग काही नव्याही, ज्या त्याने बऱ्याच दिवसांपासून माझ्यासाठी जपून ठेवल्या असाव्यात. चौदा.

टॅम्सिनच्या लग्नात अर्धा तास वाजवायचं आहे. चौदा फेऱ्यांना एक मिनिटही लागत नाही.

हे सगळं मला अजिबात कंटाळवाणं वाटत नाही, नेल. दोर आणि शेरीचा पेला या दोनच गोष्टी माझा हात सारख्या समजतो. चहा नाही, खडूही नाही. परवा मुद्दाम धरून पाहिला. का? मी वहीचं एक पान यासाठी कोरं ठेवलं आहे.

बाईंना सांगितलंय, चौदा ऑगस्टला चित्र काढून टाका. लग्न होईपर्यंत. मग परत घालू.

हेस्टर


लॅडफर्ड
गुरुवार, २४ ऑगस्ट

प्रिय नेल,

चौदा तारखेला काढलं. सोळाला सराव. दोर हातात घट्ट बसला, एकदाही सुटला नाही. सहाच्या सहा घंटा चाळीस मिनिटं, आणि एकही टोल दुसऱ्यावर चढला नाही. विल्फ म्हणाला, ‘लग्न लागलं म्हण.’ सरावानंतर सगळे नेहमीप्रमाणे ‘प्लाऊ’ पबमध्ये गेलो. मी एकच घेतली.

त्यानंतरच्या चार दिवसांबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

गुरुवारी सहाला मी शेरी ओतली, वही उघडली आणि बोटं उघडायची वाट पाहिली. ती उघडली नाहीत. मी म्हटलं, बरं, मनाने थांबायचं. मन थांबलं नाही. शुक्रवारी वही उघडली नाही. शनिवारी दुपारी मी चौकातून चालत गेले आणि दुकानातून आणखी दोन बाटल्या आणल्या. दुकानातल्या मुलीला म्हटलं, पाहुणे येणार आहेत. तिने विचारलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी प्रार्थनेआधी मी पुदिन्याच्या गोळ्या चघळत मनोऱ्यात गेले आणि चौथी वाजवली. उत्तम वाजवली. हात जरासुद्धा हलला नाही. कुणाला काही कळलं नाही, आणि ते मला अजिबात आवडलं नाही, कारण याच हातावर मी इतकी वर्षं स्वतःला गुण देत आले.

कुणाला कळलं नाही हेही चूक. बाहेर पडताना विल्फ म्हणाला, ‘पुदिना कशाला, कप्तानबाई?’

‘घसा.’

‘तुझ्या आईच्या वेळीही तुझा घसा धरला होता.’

एवढं बोलून तो सायकलवर बसून गेला.

परवा मंगळवारी मी लडलोला गेले आणि बाईंना म्हटलं, परत घाला. त्यांनी विचारलं, आणि लग्न? मी म्हटलं, घाला. घंटा मनात सुरू करायला मला या वेळी वेळ लागला. पण ते बसलं. काल संध्याकाळी पाऊण पेल्यावर बोटं उघडली आणि मी, अडुसष्ट वर्षांची बाई, स्वयंपाकघरात उभी राहून रडले. का, ते विचारू नकोस. दोन्ही गोष्टींसाठी असेल.

हेस्टर


लॅडफर्ड
रविवार, ३ सप्टेंबर

प्रिय नेल,

हे पत्र आधी टॅम्सिनला लिहिणार होते, मग तुला. पण क्रम उलटा हवा.

आईच्या दफनाच्या दिवशी सकाळी पावणेदहाला मी पाद्रीसाहेबांच्या खोलीतली शेरी घेतली. तीन पेले, माझ्या मापाचे. मग वर चढून, दफनाला बांधतात तसं, सहाही लोळ्यांना चामडं बांधलं, एका बाजूने, म्हणजे एक टोल मोकळा येईल आणि दुसरा दबका. पाच नीट बांधली. चौथीला बांधताना बकल कुठल्या भोकात जातंय ते मी पाहिलं नाही. आईची पेटी चर्चमध्ये आली तेव्हा ते चामडं गळालं आणि दर दबक्या फेरीत तुझी एकटीची घंटा मोकळी गर्जत राहिली. सगळ्या चर्चने मान वळवली. तू दोर सोडू शकत नव्हतीस. रडत वाजवत होतीस.

आणि सगळं संपल्यावर, वाजवणाऱ्या सगळ्यांसमोर, मी म्हटलं, ‘नेलला पट्टा आवळायला सांगितला होता.’

तुला सांगितलेलं नव्हतं. पट्टा मी बांधला होता. तू माझ्या जवळ आलीस, तोंडाचा वास घेतलास आणि म्हणालीस, ‘हेस्टर, तू प्यायली आहेस.’ मी म्हटलं, ‘तुला कधी घंटा सांभाळता आलीच नाही.’ त्याच दुपारी तू टॅम्सिनला घेऊन गेलीस. नऊ वर्षं झाली. सहाच्या आधी कधीच नाही असं मी बाईंना सांगितलं होतं. ते पावणेदहा मी मोजलेच नव्हते.

गेल्या बुधवारी सराव सुरू होण्याआधी मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. उभी राहून, वर्गात सांगावं तसं. मग विल्फने टेबलाचा खण उघडला आणि ते चामडं काढून माझ्या हातात दिलं. नऊ वर्षं त्याच खणात होतं.

‘डाव्या हाताने लावलंय बकल,’ तो म्हणाला. ‘त्याच संध्याकाळी बघितलं मी. आपल्यात डावखुरी तू एकटीच.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘कप्तान तू आहेस. सांगायचं तूच होतंस.’

‘नऊ वर्षं वाट बघत बसलास?’

‘टपालखात्यात होतो मी,’ विल्फ म्हणाला. ‘याहून उशिरा पोचलेली पत्रं पाहिली आहेत.’

वहीतलं ते कोरं पान मी भरलं नाही. फक्त एवढं लिहिलं आहे की दोर आणि पेला या दोनच गोष्टी हातात असताना मला कधी कुणाकडे बघावं लागलं नाही. हे उत्तर आहे की नाही, माहीत नाही. बाईंना दाखवणार आहे.

आता लग्न. मी दोर धरणार नाही. चित्र तसंच राहील. बाईंनी विचारलं, वाईट वाटतं का? वाटतं. पण टॅम्सिनने सहा घंटा आणि माझी हाक मागितली आहे. हाक द्यायला हात लागत नाहीत. मी वर्तुळाबाहेर भिंतीला टेकून उभी राहीन आणि तिथून क्रम सांगेन. माझ्या तोंडाचा वास आधी तू घे. शंका आली तर नुसती दाराकडे बघ, मी बाहेर जाईन. वाद घालणार नाही.

राहिली चौथी. पाच माणसं आहेत आणि टॅम्सिन मोजणार आहे.

नवऱ्या मुलीची आई दोर ओढताना लॅडफर्डने अजून पाहिलेली नाही. पण आपल्याकडे घंटा जमिनीवरूनच वाजवतात, पडद्यामागून. लग्नाच्या नोंदवहीत सह्या होत असताना तू पुढच्या बाकावरून उठून आत येऊ शकतेस. टोपी मात्र काढून ठेव, दोराला अडकेल. सहा तारखेला आणि तेराला सराव आहे, साडेसातला. आधी येता आलं तर ये. हात विसरले असतील असं तुला वाटेल, पण तुझे विसरणार नाहीत. तू माझ्याहून चांगली वाजवायचीस आणि हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

दोर मी काल तुझ्या उंचीचा बांधून घेतला. तुझी पायाखालची लाकडी पेटी अजून तिथेच आहे, खिडकीखाली. फुलांच्या मंडळाने तिच्यावर कुंड्या ठेवल्या होत्या. त्या मी उचलल्या, पेटी पुसली आणि चौथ्या दोराखाली आणून ठेवली.

हेस्टर